रूळ गेले, दोर राहिला

आज हातमोज्यांची गोष्ट. आपल्या कारंजाचा कापूस एकेकाळी 'शकुंतला'च्या नॅरोगेजवरून मूर्तिजापूरला जायचा. मग ट्रक आले. १९५४ मध्ये टाटा-मर्सिडीज ट्रक जमशेदपूरला बनू लागले. तेव्हा पॉवर स्टीअरिंग नव्हतं; सगळा जोर ड्रायव्हरच्या हातांचा. २०२२ पासून वाशिम जिल्ह्यातून समृद्धी धावतोय, स्टीअरिंगही हलकं झालं. पण सोयाबीनवर ताडपत्री आवळताना दोर अजून तळहात सोलतो. मी दिवसभर कीबोर्ड बडवतो, मला काय कळणार ते!

म्हणून ड्रायव्हरभाऊंसाठी: तळव्याला चामडं असलेले, बोटांत नीट बसणारे मोजे घ्या. भिजले तर सावलीत वाळवा. गरम इंजिनवर चामडं आकसून कडक होतं. आणि फिरत्या फॅनबेल्टजवळ मोजे नकोच. आधी इंजिन बंद करा. बेल्टमध्ये मोजा अडकला, तर सोबत हातही ओढला जातो.