फळीवरचा शिक्का

पुणे-सातारा रस्त्यावर नसरापूरपासून पुढे शिरवळपर्यंत कारखान्यांच्या आवारांत लाकडी चौकटी रचून ठेवलेल्या दिसतात. मालाखाली ठेवायच्या या चौकटींना पॅलेट म्हणतात. परदेशी जाणाऱ्या मालाखालची चौकट जवळून पाहिली, तर फळीवर एक शिक्का आढळतो: गव्हाच्या ओंबीची आकृती, ‘आयएन’ ही आपल्या देशाची अक्षरे, एक क्रमांक आणि ‘एचटी’ किंवा ‘एमबी’. भोर-वेल्ह्याच्या शाळांतील मुलांनी तो जरूर शोधावा.

या तालुक्यांच्या डोंगरांत हिरडा मुबलक आहे. एकोणिसाव्या शतकात सह्याद्रीतला हिरडा मुंबई बंदरातून इंग्लंडमधील कातडी कमावणाऱ्यांकडे जात असे. गिऱ्हाईक हिरड्याची प्रत पाही. तो कशात भरून आला याची चौकशी कोणी करीत नसे. ही चौकशी सुरू झाली ती एका किड्यापायी.

उत्तर अमेरिकेतील पाइन वृक्षांत एक सूत्रकृमी राहतो. त्याची लांबी जेमतेम एक मिलिमीटर. तिथली झाडे त्याला सरावलेली आहेत. विसाव्या शतकाच्या आरंभी तो जपानमध्ये पोचला आणि तिथली पाइनची वने वाळू लागली, कारण त्या झाडांना त्याची ओळखच नव्हती. १९८४ साली फिनलंडला अमेरिकेहून आलेल्या लाकडी कपच्यांत तो सापडला. १९९६ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातील मेपल वृक्षांत चीनकडचा लांब शिंगांचा भुंगेरा निघाला. तो मालाच्या लाकडी खोक्यांतून आला असावा असा निष्कर्ष निघाला. खोक्यांसाठी सागवान कोण वापरतो? हलके, ओले, सालीसकट असलेले लाकूड तिथे खपते, आणि किड्यांना तेच मानवते.

अखेर २००२ साली आंतरराष्ट्रीय वनस्पती संरक्षण कराराखाली पंधरावे मानक मंजूर झाले. त्यात दोन उपाय होते. ‘एचटी’ म्हणजे उष्णता: लाकडाच्या गाभ्याचे तापमान ५६ अंश सेल्सिअसवर सलग ३० मिनिटे राहिले पाहिजे. ‘गाभ्याचे’ हा शब्द महत्त्वाचा. लाकूड उष्णतेचे मंदवाहक असल्याने फळी बाहेरून तापली तरी आतली अळी सुखात असू शकते. (वर्गात बटाटा उकळताना त्याच्या मध्यभागी तापमापी खुपसून ठेवावी; पाणी आणि गाभा यांतला फरक मुलांना चटकन दिसेल.) प्लायवुडला ही अट नाही, कारण ते गोंद, उष्णता आणि दाब यांनीच तयार होते. सहा मिलिमीटर किंवा त्याहून पातळ लाकडालाही सूट आहे.

‘एमबी’ म्हणजे मिथाइल ब्रोमाइड वायूची धुरी. इथे मोठी गंमत आहे. हा वायू ओझोनचा थर विरळ करतो, म्हणून माँट्रियल करारानुसार त्याचा इतर वापर आवरला गेला. पण वनस्पतींच्या संसर्गरोधासाठी मात्र सूट राहिली. म्हणजे वने वाचवण्याच्या नियमाने आकाशाची हानी चालवून घेतली. युरोपीय संघाने २०१० साली आपल्याकडे ही धुरीही बंद केली.

नियम शास्त्राला धरून आहे, पण त्याचा भार सर्वांवर सारखा पडत नाही. भट्टी, तापमानाची नोंद आणि सरकारी मान्यता असल्याशिवाय शिक्का मारता येत नाही. त्यामुळे गावच्या सुताराने कितीही पक्के खोके केले तरी ते देशाबाहेर जाऊ शकत नाही. आणि शिक्का नसला तर लाखोंचे यंत्र काहीशे रुपयांच्या फळीपायी परत येऊ शकते.

पुढची चौकशी कचऱ्याची. जर्मनीने १९९१ साली वेष्टन परत घेण्याची जबाबदारी उत्पादक व विक्रेत्यांवर टाकली. १९९४ मध्ये युरोपीय संघाचा निर्देश आला आणि वेष्टनातील शिसे, कॅडमियम, पारा व षट्संयुजी क्रोमियम यांच्या एकत्रित प्रमाणावर टप्प्याटप्प्याने दशलक्षांत शंभर भागांची मर्यादा आली. २०२५ साली संघाचा नवा नियम अमलात आला. त्याप्रमाणे २०३० पासून दीड किलोपेक्षा कमी ताज्या फळांसाठी एकदाच वापरायचे प्लास्टिक वेष्टन, काही अपवाद सोडून, चालणार नाही. नाशिक-सांगलीची द्राक्षे युरोपच्या दुकानांत प्लास्टिकच्या अर्ध्या किलोच्या डब्यांतून मांडली जातात. द्राक्षातले पाणी टिकेल, मणी गळणार नाहीत आणि महिनाभराच्या समुद्रप्रवासातल्या दमट थंडीत लगदा होणार नाही, असा पुठ्ठ्याचा डबा त्याआधी तयार व्हावा लागेल.