निरंशक आणि भर्तव्य : प्रौढ व्यक्तीच्या पालकत्वाचा पूर्वेतिहास

सातबाराच्या उताऱ्यात खातेदाराच्या नावाशेजारी ‘अ. पा. क.’ ही अक्षरे पुष्कळदा आढळतात. ‘अज्ञान पालनकर्ता’ ह्या शब्दांचा तो संक्षेप होय. दप्तरी मराठीत ‘अज्ञान’ म्हणजे वयात न आलेला. त्याच्यामागून आईचे अथवा चुलत्याचे नाव येते. त्याच उताऱ्यात ‘ए. कु. मॅ.’ म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर हाही भेटतो. परंतु वयाने सज्ञान असून ज्याला आपला व्यवहार पाहता येत नाही, अशा खातेदाराच्या पालकासाठी इतका रुळलेला संक्षेप माझ्या पाहण्यात नाही. शब्द रुळतो तो गरज वारंवार पडल्याने. तेव्हा ही गरज पूर्वी का पडली नाही, आणि पुढे ती कशी उत्पन्न झाली, ह्याचा विचार येथे कर्तव्य आहे.

धर्मशास्त्रात ह्या व्यक्तींचा उल्लेख नाही असे नव्हे. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात (२०१-२०२) दायभागास अपात्र ठरणाऱ्यांत उन्मत्त आणि जड ह्यांची गणना आहे, आणि लगेच त्यांना अन्नवस्त्र देण्याचे बंधन वारसांवर घातले आहे. याज्ञवल्क्यस्मृतीत (व्यवहाराध्याय, १४०) हीच व्यवस्था दोन शब्दांत आली आहे : असे लोक ‘निरंशक’ होत, पण ‘भर्तव्य’ही होत. वाटा नाही, पोषण आहे. मिताक्षराकार विज्ञानेश्वराने ह्या शब्दांचे जे अर्थ दिले, ते भाषेच्या अभ्यासकाने मुद्दाम पाहावेत. ‘उन्मत्त’ म्हणजे वात, पित्त, कफ, त्यांचा संनिपात किंवा ग्रहबाधा ह्यांपैकी कोणत्याही उन्मादाने पछाडलेला. ‘जड’ म्हणजे ज्याचे अंतःकरण विकल आहे आणि म्हणून हिताहिताचा निश्चय करण्यास जो असमर्थ आहे असा. पहिल्या व्याख्येत रोगाचे कारण सांगितले आहे. दुसरीत कारणाचा उच्चारही नसून केवळ सामर्थ्याचा अभाव सांगितला आहे. ही दुसरी कसोटी आधुनिक कायद्याच्या किती जवळची आहे, हे पुढे दिसेल.

विज्ञानेश्वर आणखी दोन गोष्टी सांगतो. दोष विभागणीपूर्वीचा असेल तरच अपात्रता येते, विभागणीनंतर उद्भवलेल्या दोषाने मिळालेला वाटा जात नाही. आणि औषधादी उपायांनी दोष नाहीसा झाला तर विभागणीनंतरही त्या पुरुषास आपला अंश मिळतो. म्हणजे निरंशकत्व हा त्याच्या दृष्टीने कायमचा शिक्का नव्हता. व्यवहारापुरतीही अशीच दक्षता आहे. मत्त, उन्मत्त, आर्त, बाल, भयभीत इत्यादिकांनी केलेला व्यवहार सिद्ध होत नाही, असे याज्ञवल्क्याने सांगून ठेवले आहे (व्यवहाराध्याय, ३२).

आता प्रश्न असा की, बालाच्या वारसाधनाचे रक्षण राजाने करावे असे मनू सांगतो (८.२७), तसा उन्मत्ताच्या धनासाठी पालक नेमण्याचा स्वतंत्र विधी ह्या वारसाप्रकरणांत का येत नाही? उत्तर सरळ आहे. बालक हा उद्याचा स्वामी. निरंशकाच्या हाती सांभाळण्याजोगे धनच नव्हते. त्याचा घास कुटुंबाच्या पंक्तीत, आणि पंक्तीचा कारभार कर्त्याच्या हाती. जेथे अंश नाही तेथे पालकही नको. ह्या व्यवस्थेस दयाळू म्हणणारे लेखक आहेत व क्रूर म्हणणारेही आहेत. मला दोन्ही विशेषणे घाईची वाटतात. भर्तव्याला अन्न मिळे, पण त्याची इच्छा काय हे विचारण्याचे कारण कोणालाही पडत नसे.

रोमन व इंग्रजी परंपरांचा प्रारंभ नेमका उलट टोकाकडून, म्हणजे मालमत्तेपासून, झाला. रोमच्या द्वादशफलक कायद्यात उन्मत्ताचे शरीर व धन ही दोन्ही त्याच्या पितृवंशीय आप्तांच्या ताब्यात दिली होती. इंग्लंडात राजाचा अधिकार दोन प्रकारचा होता. जन्मतः बुद्धिहीन असलेल्या ‘इडियट’च्या जमिनीचे उत्पन्न, त्याचा निर्वाह भागवून, राजाकडे जाई, ज्याची बुद्धी नंतर ढळली त्या ‘लुनॅटिक’च्या बाबतीत मात्र राजा केवळ विश्वस्त, कारण तो पुन्हा शुद्धीवर येण्याचा संभव असे. लॅटिनमधील चंद्रवाचक ‘लुना’ शब्दापासून हे नाव आले, आणि कमीजास्त होणाऱ्या कलांची कल्पना त्यात अभिप्रेत आहे. वेडाच्या शरीराचा ताबा बहुधा लगतच्या वारसाकडे देत नसत, हे ब्लॅकस्टनने नोंदविले आहे. ज्याला मृत्यूपासून लाभ, त्याच्या हाती जीव देऊ नये, एवढाच त्याचा अर्थ.

१८५८ साली हीच परिभाषा हिंदुस्थानात कायद्याने आली. त्या वर्षीच्या चौतिसाव्या, पस्तिसाव्या व छत्तिसाव्या कायद्यांनी अनुक्रमे सुप्रीम कोर्टे, जिल्हा न्यायालये व वेड्यांची इस्पितळे ह्यांची व्यवस्था लावली. १९१२ च्या इंडियन लुनसी ॲक्टने हे सारे एकत्र केले. न्यायालयीन चौकशीने माणूस अस्वस्थ मनाचा ठरावयाचा, मग शरीरासाठी ‘गार्डियन’ व मिळकतीसाठी ‘मॅनेजर’ नेमावयाचा. ह्यापेक्षा सूक्ष्म दृष्टी १८७२ च्या करार कायद्यात आढळते. एरव्ही अस्वस्थ मनाचा मनुष्य अधूनमधून शुद्धीवर असेल, तर त्या वेळी त्याने केलेला करार वैध ठरतो (कलम १२). सामर्थ्य हे व्यक्तीचे नसून प्रसंगाचे असते, हे तत्त्व येथे आहे. परंतु पालकत्वाच्या कायद्यात ते शिरण्यास जवळजवळ दीड शतक लागले.

दरम्यान निरंशकत्व हळूहळू संपुष्टात आले. १९२८ च्या कायद्याने मिताक्षरा पंथाच्या हिंदूंपुरती अपात्रता काढली, पण जन्मतः वेडा अथवा जड असलेला तेवढा वगळला. इंग्लंडातील जुना जन्मतः-नंतर हा भेद असा हिंदू वारशात येऊन बसला. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याच्या कलम २८ ने रोग, दोष वा व्यंग ह्यांवरून होणारी अपात्रता सर्वस्वी रद्द केली. ह्या सुधारणेचा एक परिणाम फारसा लक्षात घेतला जात नाही. ज्याला कालपर्यंत अंश नव्हता त्याच्या नावे आता शेत, घर व बँकेतील ठेव आली, आणि सही कोणी करावयाची हा प्रश्न प्रथमच घरोघर उभा राहिला. प्रौढाच्या पालकत्वाची गरज ही ह्या अर्थाने हक्काचीच संतती आहे.

तिची पूर्तता मात्र तुकड्यातुकड्यांनी झाली. १९८७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने ‘लुनॅटिक’ हा शब्द टाकला, चौकशी व पालक ठेवले, आणि कारणे नोंदविल्याखेरीज वारसास नेमू नये ही जुनी सावधगिरीही ठेवली. पण त्याने मतिमंदत्व व्याख्येबाहेर ठेवले. ती पोकळी १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने भरली : स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, मतिमंदत्व व बहुविकलांगता असलेल्यांसाठी जिल्ह्यातील स्थानिक समितीकडे अर्ज करावा, न्यायालयाकडे जावे लागू नये. २००९ च्या एका निवाड्यात सर्वोच्च न्यायालयाने सौम्य मतिमंदत्व असलेल्या प्रौढ स्त्रीच्या इच्छेविरुद्ध गर्भपात करता येणार नाही असे ठरविले. राज्याचे पितृतुल्य अधिकार तिच्या संमतीवर मात करू शकले नाहीत.

भारताने २००७ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अपंगांविषयीच्या कराराला मान्यता दिली होती. त्यास अनुसरून झालेल्या २०१६ च्या कायद्यात ‘मर्यादित पालकत्व’ आले. ते विशिष्ट काळापुरते, विशिष्ट निर्णयापुरते, परस्परविश्वासावर आधारलेले आणि त्या व्यक्तीच्या इच्छेनुसार चालावयाचे. मराठीच्या दृष्टीने येथे अडचण आहे. ‘पालक’ हा शब्द पाल् धातूचा. त्यात रक्षण व पोषण आहे, विचारविनिमय नाही. तो अजूनही ‘भर्तव्य’ शब्दाचाच जोडीदार आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यातील ‘नामनिर्देशित प्रतिनिधी’ ही संज्ञा बोजड असली तरी ह्या बाबतीत अधिक प्रामाणिक वाटते. त्याच कायद्यातील निर्णयक्षमतेची कसोटी रोगाचे नाव विचारीत नाही. माहिती समजणे, परिणाम उमजणे, अथवा निर्णय वाणीने, हावभावाने वा अन्य मार्गाने कळविणे, एवढेच ती पाहते. विज्ञानेश्वराच्या ‘जड’ शब्दाच्या व्याख्येचे स्मरण येथे झाल्यावाचून राहत नाही. फरक इतकाच की त्याच्याकडे संप्रेषणाचा विचार नव्हता.

ह्या नव्या कायद्याने १९८७ चा कायदा निरसित करताना मिळकतीच्या व्यवस्थापनाचे प्रकरण मात्र पुढे चालविले नाही. त्यातच दीर्घ बेशुद्धीत पडलेल्या रुग्णाचा प्रश्न उरतो. तो मनोरुग्ण नव्हे, आणि ‘इच्छेनुसार’ चालावे तर त्याची इच्छा कळण्यास मार्ग नाही. त्याची पत्नी औषधपाण्यासाठी त्याच्याच खात्यातील पैसे मागते, तेव्हा तिला संविधानाच्या अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालयात जावे लागते. केरळ उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये अशा अर्जांसाठी मार्गदर्शक सूत्रे घालून दिली : वैद्यकीय मंडळाकडून तपासणी, मालमत्तेची यादी, वारसांची माहिती, ठराविक काळाने हिशेब. मुंबई उच्च न्यायालयानेही अशा पत्नींना पालक नेमले आहे. पतीची ‘पालक’ म्हणून पत्नी, हा शब्दप्रयोग मराठी कानाला अजून अपरिचित लागतो. सातबाराच्या रकान्यात त्याच्यासाठी अक्षरे ठरलेली नाहीत.