बोरघाटातील सायकलप्रवास

जुन्या मुंबई–पुणे महामार्गावरील खोपोली ते लोणावळा हा सुमारे १५ किलोमीटरचा टप्पा महाराष्ट्रातील दूर पल्ल्याच्या सायकलस्वारांच्या विशेष परिचयाचा आहे. रायगड जिल्ह्यातील खालापूर तालुक्यात सुरू होणारी ही वाट बोरघाट चढून पुणे जिल्ह्यात जाते. खोपोली समुद्रसपाटीपासून शंभर मीटरहूनही कमी उंचीवर, तर लोणावळा सुमारे ६२२ मीटर उंचीवर आहे. मुंबईहून एका दिवसात पुणे गाठू पाहणाऱ्या सायकलस्वाराच्या प्रवासाचा निकाल बहुधा याच टप्प्यावर लागतो.

मार्ग

मुंबईकडून येणारे सायकलस्वार पनवेल, चौक व खालापूर या मार्गे खोपोलीस पोहोचतात. कर्जतकडून येणारा रस्ता पळसदरीच्या बाजूने येतो. कर्जत स्थानकात पुण्याकडे जाणाऱ्या गाड्यांना मागून रेटा देण्यासाठी बँकर इंजिने जोडली जातात, कारण घाटातील लोहमार्गाचा चढ ३७ला १ इतका तीव्र आहे. रस्त्याची चढणही सौम्य नाही आणि सायकलला मागून रेटा देणारे कोणी नसते.

खोपोलीत नाना फडणविसांनी बांधलेला तलाव व महादेवाचे मंदिर आहे. गावातच पाण्याच्या बाटल्या भरून घेणे इष्ट, कारण गाव सुटताच चढ लागतो. येथून लहान गिअरवर, एकसारख्या लयीत पायडल मारणे हाच शहाणपणा होय. पहिल्याच वळणांवर जोर लावणारे पुढे सायकल हातात धरून चालताना दिसतात. वाटेत शिंग्रोबाचे मंदिर लागते. इंग्रजांना घाटाची वाट दाखवणारा एक धनगर पुढे त्यांच्याच हातून मारला गेला, अशी लोककथा या देवस्थानाविषयी सांगितली जाते. वाहनांतून जाणारे येथे नाणी टाकतात, सायकलस्वार मात्र दम खाण्यासाठी थांबतात.

इतिहास

बोरघाटातील गाडीरस्ता १८३० साली मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या काळात खुला झाला. त्याच काळातील, पुढे अमृतांजन पूल या नावाने ओळखला गेलेला दगडी पूल एप्रिल २०२० मध्ये पाडण्यात आला. घाटातील लोहमार्ग १८६३ मध्ये सुरू झाला. २००२ मध्ये मुंबई–पुणे द्रुतगती मार्ग पूर्ण झाला. त्यावर दुचाकी, तीनचाकी वाहने, सायकली व पादचारी यांना मनाई आहे. त्यामुळे खालापूरहून लोणावळ्यास थेट जाण्यासाठी सायकलला जुना घाटरस्ताच उरतो.

जुन्या मुंबई–पुणे सायकल शर्यतीत हा घाट सर्वप्रथम चढणाऱ्यास ‘घाटाचा राजा’ म्हणून गौरवले जाते. फ्रान्समधील ‘तूर द फ्रान्स’ शर्यतीतही सर्वोत्तम चढाईपटूची निवड १९३३पासून स्वतंत्रपणे होते आणि १९७५पासून त्याला लाल ठिपक्यांचा पांढरा सदरा दिला जातो. शर्यतीबाहेरही ‘ब्रेव्हे’ प्रकारातील दीर्घ प्रवास लोकप्रिय झाले आहेत. त्यांत क्रमांक दिले जात नाहीत. २०० किलोमीटर साडेतेरा तासांत, ३०० किलोमीटर २० तासांत, तर ६०० किलोमीटर ४० तासांत पूर्ण करणे एवढीच अट असते.

धोके

खंडाळ्याजवळ जुना रस्ता व द्रुतगती मार्ग काही अंतर एकत्र येतात. तेथील वेगवान वाहतूक ही या प्रवासाची सर्वांत चिंताजनक बाजू आहे. थकलेला सायकलस्वार चढावर किंचित डावीउजवीकडे झुलतो, आणि मागून येणाऱ्या ट्रकचालकाला ते उमगतेच असे नाही. मागचा लाल दिवा व परावर्तक पट्ट्यांचे जाकीट दिवसाही वापरणे म्हणूनच आवश्यक ठरते.

चढापेक्षा उतार अधिक फसवा आहे. खोपोलीकडे उतरताना ब्रेक सतत दाबून ठेवल्यास ते तापतात. रिमवर घासणाऱ्या ब्रेकच्या बाबतीत त्या उष्णतेने ट्यूब फुटूही शकते. वळणाआधी वेग कमी करून ब्रेक सोडणे आणि पुढचा-मागचा दोन्ही ब्रेक विचारपूर्वक वापरणे ही येथील रूढ पद्धत आहे.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत अनुकूल असतो. एप्रिल-मे महिन्यांत खालापूरच्या सखल भागातील दमट उष्मा घाटाआधीच शक्ती शोषून घेतो, म्हणून पहाटे निघण्याचा प्रघात आहे. पावसाळ्यात धबधब्यांमुळे घाट रमणीय दिसत असला, तरी दाट धुके, निसरडा रस्ता व दरडी कोसळण्याची भीती असते. शिवाय सुट्टीच्या दिवशी लोणावळ्याकडे निघालेल्या मोटारींची रांग सायकलस्वाराला रस्त्याच्या अगदी कडेला लोटते.