एलट्रेस : चौकटीवरचा पहारा

आज एका छोट्या साधनाचा इतिहास सांगतो.

मागे माझ्याकडे एक जुना प्रोग्राम आला होता. सोर्स कोड हरवलेला, आणि चालवला की काही न बोलता बंद पडायचा. एसट्रेस लावून पाहिलं. त्यात कर्नलकडे केलेल्या मागण्या दिसल्या, कारण मात्र दिसेना. मग एलट्रेस लावला. शेवटच्या ओळींत उत्तर होतं : प्रोग्राम 'गेटएन्व्ह' या फंक्शनकडून एक एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल मागत होता आणि हाती शून्य येत होतं. ती माहिती प्रोग्रामच्याच मेमरीत असते, त्यासाठी कर्नल लागत नाही. म्हणून एसट्रेसला ती कळलीच नाही.

एलट्रेस हुआन सेस्पेदेस यांनी 1997 मध्ये डेबियन लिनक्ससाठी लिहिला. शेअर्ड लायब्ररीतलं फंक्शन बोलावताना प्रोग्राम सहसा पीएलटी नावाच्या तक्त्यातून जातो. फंक्शनचा पत्ता गरज पडेल तेव्हा शोधता यावा, म्हणून ही सोय. एलट्रेस नेमका तिथेच, पीट्रेसच्या मदतीने, ब्रेकपॉइंट लावून बसतो.

म्हणजे पहारा दुसऱ्याच कामासाठी केलेल्या दारावर! पुढे कंपायलरना हा तक्ता टाळण्याचे पर्याय मिळाले. स्टॅटिक लिंक केलेल्या प्रोग्रामात तर लायब्ररी आतच असते. दार नाही, तिथे पहारा काय कामाचा?

तेव्हा एलट्रेस गप्प राहिला, तर प्रोग्राम गप्प आहे असं समजू नका. आधी दार आहे का, ते पाहा.