संमेलनाची डाक आणि थंडरबर्डच्या आवृत्त्या

यवतमाळात अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन 1973 मध्ये भरले तेव्हा अध्यक्ष ग. दि. माडगूळकर होते. पुढे 11 ते 13 जानेवारी 2019 या तीन दिवसांत ब्याण्णवावे संमेलन तिथेच झाले, तेव्हा अध्यक्ष अरुणा ढेरे होत्या. पहिल्या संमेलनाचा पत्रव्यवहार हा कागदाचा, पोस्टाचा आणि टंकलेखन यंत्राचा होता. दुसऱ्याचा गाभा ईमेलमध्ये आहे. उद्घाटनासाठी नयनतारा सहगल यांना दिलेले निमंत्रण ऐनवेळी मागे घेतले गेले, ते ईमेलनेच. त्यांच्या न झालेल्या भाषणाची संहिता देशभर फिरली. अखेर उद्घाटन झाले ते वैशाली येडे यांच्या हस्ते, आणि त्या याच जिल्ह्यातल्या, शेतकरी आत्महत्येचा घाव सोसलेल्या घरातल्या. आणखी पन्नास वर्षांनी या प्रकरणाचा इतिहास कुणी लिहायला बसला, तर वर्तमानपत्रांची कात्रणे त्याला सापडतील; पण कोणी कोणाला किती वाजता काय लिहिले, प्रत कोणाकोणाला गेली, उत्तर यायला किती तास लागले, हे कात्रणात नसते. ते मेलच्या माथ्यावरच्या ओळींत असते. त्या ओळी टिकतील की नाही हे आयोजकांच्या सद्भावनेवर फारसे अवलंबून नाही. मेल कोणत्या साच्यात साठवले होते, आणि मेलचा प्रोग्राम अद्ययावत करताना त्या साच्याचे काय झाले, यावर ते ठरेल. लिनक्सवरच्या डेस्कटॉप मेल-प्रोग्रामांचा गेल्या वीस-पंचवीस वर्षांचा इतिहास या दृष्टीने पाहण्यासारखा आहे.

जिल्ह्याच्या कागदपत्रांवर आवृत्ती बदलण्याचे संकट काही प्रथमच आलेले नाही. वऱ्हाड 1853 मध्ये निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली आले, 1903 मध्ये मध्य प्रांताला जोडले गेले, 1905 च्या फेररचनेत वणी जिल्ह्याला पुसद तालुका मिळून तो यवतमाळ नावाने ओळखला जाऊ लागला, 1956 मध्ये तो द्वैभाषिक मुंबई राज्यात आणि 1960 मध्ये महाराष्ट्रात आला. दर वेळी वरची कचेरी बदलली, कधी हैदराबाद, कधी नागपूर, कधी मुंबई. पण कागदांचे स्थलांतर ही त्यातली लहान अडचण. मोठी अडचण लिपीची. मोडीत लिहिलेले कागद कपाटात शाबूत असतात, शाईही फिकी झालेली नसते, आणि तरीही ते वाचणारा माणूस तालुक्यात मिळत नाही. बालबोध सर्वत्र रूढ झाली हे प्रशासनाच्या आणि छापखान्याच्या सोयीचेच झाले, त्याबद्दल तक्रार करण्यात अर्थ नाही. मात्र त्या बदलात जुन्या दप्तराचे काय करायचे याचा विचार कोणी वेळेवर केला नाही. म्हणजे दस्तऐवज टिकतो म्हणतो तेव्हा दोन गोष्टी टिकाव्या लागतात: ज्यावर लिहिले ती वस्तू, आणि ज्या किल्लीने ते वाचायचे ती किल्ली. पुसदला 10 जुलै 1930 रोजी लोकनायक बापूजी अण्यांनी जंगल सत्याग्रह केला, त्याबद्दलची पत्रे, पत्रके आणि सरकारी अहवाल आज वाचता येतात, कारण त्यांच्या बाबतीत दोन्ही टिकले.

संगणकावरच्या मराठीची सुरुवात मात्र किल्ली हरवूनच झाली असे म्हणावे लागेल. पुण्याच्या सी-डॅकमधल्या जिस्ट गटाने भारतीय लिपींवर मोलाचे काम केले, 1991 मध्ये इस्की हे संकेतमानक भारतीय मानक म्हणून जाहीरही झाले. पण बाजारात चालले ते फॉन्ट. श्री-लिपी, आकृती, डीव्ही-टीटीयोगेश अशा प्रत्येक फॉन्टची आतली मांडणी वेगळी. इंग्रजी अक्षरांच्या खणांत मराठी अक्षरांचे तुकडे बसवलेले. त्यामुळे 2000 च्या आसपासचा मराठी ईमेल म्हणजे प्रत्यक्षात इंग्रजी चिन्हांची भेळ असे, आणि पलीकडच्या माणसाच्या संगणकावर तोच फॉन्ट असेल तरच तिचे मराठी होई. सोबत फॉन्टची फाइल जोडून ‘आधी हा फॉन्ट इन्स्टॉल करा, मग पत्र वाचा’ असे कळवण्याची पद्धत त्यातूनच पडली. असा जुना मेल आज लिनक्सवर उघडला तर प्रश्नचिन्हे, चौकोन आणि उच्चारयुक्त लॅटिन अक्षरे दिसतात, आणि वापरणारा म्हणतो, नव्या आवृत्तीने माझे मराठी बिघडवले. नव्या आवृत्तीने काहीही बिघडवलेले नसते. मेलच्या माथ्यावर ‘ही पश्चिम युरोपीय अक्षरे आहेत’ असेच पहिल्या दिवसापासून लिहिलेले असते आणि प्रोग्राम इमानदारीने तेच दाखवतो. यातली एक गंमत नोंदवण्यासारखी आहे. लिनक्सच्या जुन्या जाणकारांना रंगीबेरंगी, फॉन्ट ठरवून पाठवलेल्या एचटीएमएल मेलचा तिटकारा. मेल साधा मजकूरच असावा असा त्यांचा दंडक. पण फॉन्टच्या काळातल्या मराठी मेलांपैकी आज उलगडता येतात ते मुख्यतः एचटीएमएलवालेच, कारण त्यांच्या पोटात फॉन्टचे नाव लिहिलेले असते आणि नाव कळले की त्या फॉन्टचे युनिकोडमध्ये रूपांतर करणारे साधन शोधता येते. साध्या मजकुराच्या मेलात नाव नाही. तिथे फॉन्ट कोणता होता याचे अंदाज बांधत बसावे लागते.

सर्व लिपींतल्या प्रत्येक चिन्हाला एकच ठरावीक क्रमांक देणारे युनिकोड आल्यावर चित्र पालटले आणि लिनक्सवर ते पालटवण्यात पुण्याचा वाटा आहे. रेड हॅटने लोहित फॉन्ट 2004 मध्ये मुक्त परवान्याखाली खुले केले. कंपनीच्या पुण्यातल्या चमूने भारतीय भाषांच्या फॉन्टवर आणि भाषांतरांवर वर्षानुवर्षे काम केले. ‘ऱ्य’ आणि ‘ऱ्ह’मधला तो आडवा रफार नीट दिसावा यासाठी फॉन्ट आणि अक्षरजुळणी या दोन्ही बाजूंनी खटपट करावी लागली; वऱ्हाडाचे नावच ज्यात अडकले आहे त्या जोडाक्षराला एवढे महत्त्व दिले गेले ते योग्यच. आता ‘यवतमाळ’ हा शब्द मेलमध्ये कसा जातो ते पाहावे. युनिकोडमध्ये ती सहा चिन्हे: य, व, त, म, काना आणि ळ. यूटीएफ-8 मध्ये प्रत्येकाला तीन बाइट, म्हणजे अठरा. मेलची जुनी यंत्रणा फक्त साधी इंग्रजी अक्षरे वाहून नेण्यासाठी घडलेली, म्हणून एका प्रचलित पद्धतीत प्रत्येक बाइटसाठी बरोबरचे चिन्ह आणि दोन अक्षरे लिहितात. सहा चिन्हांचे हे गावाचे नाव मेलच्या पोटात चौपन्न चिन्हांचे होते. दिसायला हे फॉन्टच्या भेळीपेक्षाही अगम्य. फरक इतकाच की ते उलगडायचे कसे हे त्याच मेलच्या माथ्यावर लिहिलेले असते आणि तो नियम जगजाहीर आहे. किल्ली पाकिटालाच बांधलेली आहे.

आता प्रोग्रामकडे वळू. मोझिलाच्या थंडरबर्ड या मेल-प्रोग्रामची पहिली पूर्ण आवृत्ती डिसेंबर 2004 मध्ये आली. मराठी माणसाला ती मराठीतून शिकवण्याचा ठोस प्रयत्न आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाने केला. उबुंटू 12.04 वर थंडरबर्ड 13.0.1 घेऊन खाते कसे जोडायचे, पत्त्यांची वही कशी ठेवायची याचे पाठ त्यांनी तयार केले, आणि ते मराठीतही झाले. योगायोग असा की ज्या वर्षी ही आवृत्ती आली त्याच वर्षी, जुलै 2012 मध्ये, मोझिलाने थंडरबर्डवरचे नवे काम आवरते घेत असल्याचे जाहीर केले. प्रोग्राम मेला नाही, स्वयंसेवकांनी तो चालवला, आणि 2020 मध्ये त्यासाठी वेगळी कंपनी उभी राहिली. पण त्या पाठातली आवृत्ती आज जशीच्या तशी चालवली तर ती नेहमीच्या पासवर्डने जीमेलशी जोडली जाणार नाही. गूगलने मे 2022 पासून वैयक्तिक खात्यांना नुसत्या नेहमीच्या पासवर्डने आत शिरणे बंद केले, आणि त्याऐवजी लागणारी ओळख पटवण्याची पद्धत जीमेलसाठी थंडरबर्डमध्ये 2015 साली आली. 2020 च्या अठ्ठ्याहत्तराव्या आवृत्तीने जुनी असुरक्षित जोडणी नाकारली, जुनी पूरक साधने बंद पाडली, पत्त्यांच्या वहीचा साचा बदलला. म्हणून ‘चालते आहे ना, मग बदलता कशाला?’ हा आक्षेप इथे टिकत नाही. पलीकडचा सर्व्हर बदलतो, आणि अलीकडचा प्रोग्राम जागेवर उभा राहिला तरी दार बंद होतेच.

मग मेल गेले कुठे, ही ओरड होते त्याचे काय? या तक्रारींची चिकित्सा केली की एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. थंडरबर्ड मेल साठवतो तो एमबॉक्स नावाच्या साच्यात. युनिक्सच्या सुरुवातीच्या काळापासून चालत आलेली ही एक सपाट मजकूर-फाइल, एकाखाली एक पत्रे, प्रत्येकाच्या आरंभी ‘फ्रॉम’ने सुरू होणारी ओळ. शेजारी एमएसएफ शेपटाची दुसरी फाइल असते, ती नुसती अनुक्रमणिका. आवृत्ती बदलल्यावर फोल्डर रिकामे दिसते तेव्हा बहुधा अनुक्रमणिका बिघडलेली असते. प्रोग्राम बंद करून ती फाइल बाजूला सारली की पुढच्या वेळी नवी तयार होते आणि पत्रे परत दिसतात. उबुंटू 24.04 मध्ये थंडरबर्ड स्नॅप या नव्या प्रकारच्या बांधणीत आला, मेल ठेवण्याची जागा बदलली, आणि अनेकांना कोरा प्रोग्राम समोर दिसला; जुने दप्तर घरच्या फोल्डरात, नावाआधी टिंब असल्यामुळे लपलेल्या जागी, तसेच पडून होते. याउलट लिनक्सवरच्या केडीई या डेस्कटॉपच्या केमेल या मेल-प्रोग्रामने 2011 मध्ये दुसऱ्या पिढीत जाताना पत्रे आणि वापरणारा यांच्यामध्ये अकोनाडी हा डेटाबेसचा थर घातला. हेतू चांगला होता, पण स्थलांतरात दुहेरी प्रती, अडकलेली फोल्डरे आणि हरवलेल्या पत्रांच्या तक्रारी वर्षानुवर्षे चालल्या. पत्र आणि वाचक यांच्यामध्ये जितके थर, तितकी आवृत्तीबदलात पडझड, असा निष्कर्ष यातून निघतो, आणि तो मला पुरेसा पक्का वाटतो.

एमबॉक्स निर्दोष आहे असे मात्र नाही. सगळी पत्रे एकाच फाइलीत असल्याने फाइल आवळण्याचे काम चालू असताना वीज गेली तर सगळ्यांनाच धोका, आणि विदर्भात विजेचा भरवसा किती होता हे भारनियमनाची वर्षे पाहिलेल्यांना सांगायला नको. प्रत्येक पत्राची स्वतंत्र फाइल करणारा मेलडिर हा साचा त्या दृष्टीने बरा. एमबॉक्समध्ये आणखी एक चमत्कार आहे: खोडलेले पत्र लगेच नाहीसे होत नाही, त्यावर फक्त खूण होते, आणि फाइल आवळली जाईपर्यंत मजकूर तिथेच राहतो. इतिहासकाराला ही पर्वणी; पत्र लिहिणाऱ्याला ती तशी वाटेलच असे नाही. खासगीपणाचा हा प्रश्न खरा आहे, आणि संस्थेचे दप्तर व व्यक्तीचे दप्तर वेगळे ठेवणे हेच त्याचे उत्तर आहे. सारे आपोआप नष्ट होऊ देणे हे उत्तर नव्हे.

सर्वांत मोठा आक्षेप वेगळाच आहे. आता मेल फोनवर आणि सर्व्हरवर असतात. डेस्कटॉपवरचा प्रोग्राम, तोही लिनक्सवर, यवतमाळात वापरतो कोण? थोडेच वापरतात हे मान्य. पण सर्व्हर हे दप्तरखाने नाहीत. दोन वर्षे न वापरलेली वैयक्तिक खाती गूगल डिसेंबर 2023 पासून काढून टाकू लागले. स्वागत समिती, शताब्दी समिती, दुष्काळ परिषद अशा तात्पुरत्या मंडळांची खाती नेमकी याच प्रकारची: काम संपले की चिटणीस घरी जातात आणि पासवर्ड विसरला जातो. सरकारी खाती सुरक्षित असतील म्हणावे, तर केंद्र सरकारच्या सुमारे 12 लाख कर्मचाऱ्यांचे ईमेल अलीकडेच राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या जुन्या व्यवस्थेतून झोहो या कंपनीच्या व्यवस्थेवर नेले गेले. पुढे ते आणखी कुठे जाणार नाहीत असे कोण सांगेल? राहिला लिनक्सचा प्रश्न. एमबॉक्स फाइल विंडोजवरच्या थंडरबर्डमध्येही तशीच असते, तेव्हा लिनक्सला देव्हाऱ्यात बसवण्याचे कारण नाही. लिनक्सचा फायदा व्यवहारातला आहे: परवान्याचे पैसे लागत नाहीत, बाजूला पडलेल्या जुन्या संगणकावर तो चालतो, आणि फाइल कुठे आहे ते लपवून ठेवत नाही. सार्वजनिक वाचनालयाच्या खर्चाच्या वहीत यापैकी पहिली गोष्ट तरी नक्की मोजली जाते.

जिल्ह्यातल्या वाचनालयांच्या, शिक्षणसंस्थांच्या आणि साहित्यसंस्थांच्या चिटणिसांना म्हणूनच एक विनंती. पद सोडण्याआधी संस्थेचे खाते थंडरबर्डला जोडा आणि सगळा पत्रव्यवहार ‘लोकल फोल्डर्स’मध्ये उतरवून घ्या, नुसता आयमॅपने, म्हणजे सर्व्हरवरच्या पत्रांचे प्रतिबिंब म्हणून, दिसतो तेवढ्यावर थांबू नका, कारण सर्व्हरवर पुसला की तो तुमच्या संगणकावरूनही पुसला जातो. प्रोग्राम अद्ययावत करण्यापूर्वी तो बंद करून पत्रे आणि मांडणी जिथे असतात त्या संपूर्ण प्रोफाइल फोल्डरची प्रत दुसऱ्या डिस्कवर काढा, कारण नव्या आवृत्तीने एकदा उघडलेले प्रोफाइल जुनी आवृत्ती परत घेत नाही. फॉन्टच्या काळातले मेल असतील तर ते वापरणारी माणसे हयात आहेत तोवर त्यांना विचारून फॉन्टचे नाव एका कागदावर लिहा, आणि तो कागद डिस्कसोबत ठेवा.