बोगोटाहून न्यू मरीन लाइन्सला

माझं घर लातूरला, इंजिनिअरिंग नांदेडला, नोकरी पुण्यात. एवढ्याशा प्रवासातही बोलण्यातला हेल ऐकून ‘बाहेरचे का?’ असं विचारणारे भेटतातच. त्यामुळे सोफिया वाडिया हे नाव समोर आलं, तेव्हा मी त्यांच्याबद्दल शोधत बसलो. जन्म १९०१, कोलंबियातल्या बोगोटा शहरात. माहेरचं आडनाव कामाचो. आणि पुढचं जवळपास सगळं आयुष्य गेलं मुंबईत, मासिकं चालवण्यात.

अमेरिकेत थिऑसॉफीच्या वर्तुळात त्यांची गाठ बी. पी. वाडिया यांच्याशी पडली. हे तेच वाडिया, ज्यांनी १९१८मध्ये मद्रासच्या गिरणी कामगारांची संघटना उभी करायला हातभार लावला होता. १९२८ला लग्न झालं, १९२९ला दोघं मुंबईत आले आणि जानेवारी १९३०मध्ये ‘द आर्यन पाथ’ हे मासिक सुरूही झालं. नावातल्या ‘आर्यन’चा अर्थ त्यांच्या लेखी उदात्त असा होता. जर्मनीत त्याच शब्दाचं पुढे काय झालं, ते आपल्याला माहीत आहे.

पण मला जास्त मोलाचं वाटतं ते त्यांचं दुसरं काम. पेन ही लेखकांची जागतिक संघटना १९२१मध्ये लंडनला स्थापन झाली होती. तिचं भारतीय केंद्र सोफियाबाईंनी १९३३मध्ये मुंबईत काढलं. अध्यक्ष रवींद्रनाथ टागोर. दुसऱ्याच वर्षी केंद्राचं पत्र सुरू झालं, ‘द इंडियन पेन’. संपादक अर्थातच बाई.

त्या काळाचा जरा विचार करा. नांदेड आणि लातूर तेव्हा निजामाच्या राज्यात. उस्मानिया विद्यापीठात शिकायचं तर उर्दूतून. आपल्याकडच्या मराठी माणसाला मुंबई-पुण्यातलं मराठी पुस्तक मिळायची मारामार, तिथे आसामीत किंवा कन्नडमध्ये काय लिहिलं जातंय हे कोण सांगणार? एका भाषेची खबर दुसरीला देणं, एवढंच काम ‘इंडियन पेन’ने अंगावर घेतलं. आमच्या धंद्यात दोन सिस्टिम एकमेकींशी बोलत नसतील, तर मधे एक थर लिहावा लागतो. तो कोणाला दिसत नाही. बंद पडला की मात्र सगळे ओरडतात.

हा थर इंग्रजीत होता, हेही सांगायला हवं. मराठी शाळेत शिकलेल्या आमच्या पणज्याच्या पिढीला त्याचा काडीचा उपयोग नव्हता. मोठ्या शहरातल्या शिकलेल्यांनी एकमेकांसाठी केलेली ही सोय होती. तरीही ती कोणीतरी करायला हवी होती, आणि केली ती कुठलीच भारतीय भाषा माहेराहून न आणलेल्या बाईने.

चाळीसच्या दशकात त्यांनी भारतीय साहित्यांवर पुस्तकांची माला संपादित केली. आसामीवर बिरिंचीकुमार बरुआ यांनी लिहिलं, बंगालीवर अन्नदाशंकर आणि लीला राय यांनी. या लीलाबाई मूळच्या टेक्सासच्या! म्हणजे संपादक कोलंबियाच्या, लेखिका अमेरिकन आणि विषय बंगाली साहित्य. आज समाजमाध्यमांवर यावरून केवढा गदारोळ झाला असता.

१९३६मध्ये पेनचं अधिवेशन ब्युनोस आयर्सला भरलं. भारताकडून कालिदास नाग आणि सोफिया वाडिया गेले. दक्षिण अमेरिकेत जन्मलेली, स्पॅनिश मातृभाषा असलेली बाई त्याच खंडात परतली ती भारताची प्रतिनिधी म्हणून. १९४५ला जयपूरला भारतीय लेखकांचं संमेलन झालं, त्याला ‘ए पॅसेज टू इंडिया’वाले ई. एम. फॉर्स्टर इंग्लंडहून आले.

१९५८मध्ये बी. पी. वाडिया वारले. घरात दोघांनी मिळून उभारलेलं काम एकटीवर आलं की ते गुंडाळलं जातं, असं आपण बरेचदा पाहतो. इथे ते चालू राहिलं. १९६०मध्ये बाईंना पद्मश्री मिळाली. १९८६मध्ये त्या गेल्या.

न्यू मरीन लाइन्सच्या थिऑसॉफी हॉलमधल्या पेनच्या कचेरीत पुढे निसिम इझिकेल बसायचे. नवे कवी कवितांचे कागद घेऊन जिना चढून यायचे आणि इझिकेल ते वाचून, तोंडावर, काय चुकलंय ते सांगायचे.