असू दे, लागेल कधीतरी

घरात एखादी बिनकामाची वस्तू सापडली की दोन पक्ष पडतात. एक "टाकून दे" म्हणणारा, दुसरा "असू दे, लागेल कधीतरी" म्हणणारा. मी आजवर पहिल्या पक्षात होतो. सोयाबीनचा इतिहास वाचला आणि डळमळलो!

सोयाबीन मूळचं चीनकडचं. तिकडे हजारो वर्षं शेतकरी आपापलं बी राखत आले. कुणी टोफूसाठी, कुणी मिसोसाठी, कुणी गुरांच्या चाऱ्यासाठी. त्यामुळे गावागणिक वाण वेगळा. पिवळं, हिरवं, तपकिरी, काळंसुद्धा. १९२९ साली अमेरिकेच्या कृषी खात्याने डॉर्सेट आणि मोर्स या दोघांना हे बी गोळा करायला धाडलं. १९३१ पर्यंत जपान, कोरिया, उत्तर चीन पालथं घालून त्यांनी सुमारे साडेचार हजार नमुने जमवले.

त्यांचं पुढे काय झालं? पेरून पाहिले, कामाचे वाटले ते ठेवले, बाकीचे गेले. सोयाबीनचं बी साध्या खोलीत काही वर्षांतच उगवेनासं होतं, त्यामुळे जपायचं तर पुन्हा पुन्हा पेरावं लागतं. बिनकामाच्या वाणासाठी एवढा खटाटोप कोण करणार? १९४९ साली जुने वाण नीट सांभाळायची व्यवस्था झाली, तोवर साडेचार हजारांतले जेमतेम हजारभर उरले होते. युद्ध नाही, आग नाही. नुसतं "टाकून दे".

आणि १९५४ साली अमेरिकेत, नॉर्थ कॅरोलिनात, सोयाबीनच्या मुळांवर एक सूत्रकृमी सापडला. डोळ्यांना जेमतेम दिसेल एवढा, पण मुळांतला रस शोषून पीक खुरटवणारा. चांगल्या चांगल्या वाणांनी मान टाकली. मग शास्त्रज्ञांनी उरलेल्या जुन्या बियाण्यांतले हजारो वाण तपासले. त्यात तगला 'पेकिंग' नावाचा वाण. १९०६ साली चीनमधून आलेला, बारीक काळ्या दाण्याचा. बाजारात त्याला कुणी विचारलं नसतं. त्याच्याशी संकर करून १९६६ साली 'पिकेट' हा रोगाला दाद न देणारा वाण आला.

इथे गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं. पुढे असाच आणखी एक काळा वाण हाती लागला, १९३० साली ईशान्य चीनमधून आलेला. त्याला धड नावही नाही, नुसता नोंदणी क्रमांक, ८८७८८. तो इतका सोयीचा ठरला की अमेरिकेच्या उत्तरेकडच्या पट्ट्यातल्या बहुतेक सगळ्या प्रतिकारक वाणांत त्याचंच रक्त आलं. वर्षानुवर्षं तेच ते खाऊन सूत्रकृमीही सरावले, आणि आता त्यांच्यावर त्याचा पूर्वीसारखा वचक राहिलेला नाही. म्हणजे हजारांतून एक वाचवला, आणि पुन्हा सगळा भार त्या एकावरच टाकला.

हसू नका, आपलंही फार वेगळं नाही. जबलपूरच्या कृषी विद्यापीठाचा 'जेएस ३३५' १९९४ साली आला आणि विदर्भ-मराठवाड्यात कित्येक वर्षं सोयाबीन म्हणजे 'तीनशे पस्तीस' हेच समीकरण होतं. त्याने अनेक घरं सावरली, हे खरंच. पण पिवळा मोझॅक आला की तो हतबल. आपल्या देशातही जुनं काळं सोयाबीन आहे बरं का! कुमाऊँत त्याला भट म्हणतात, त्याची चुडकानी भाताबरोबर खातात. माळव्यातही 'काळीतूर' नावाचा काळ्या दाण्याचा जुना वाण होता. त्यांच्या पोटात काय दडलंय, ते गरज पडेल तेव्हाच कळेल.

मला राहून राहून त्या गेलेल्या साडेतीन हजारांचं वाटतं. त्यांत काय होतं, हे आता कुणालाच कधी कळणार नाही. 'पेकिंग'ही १९५४च्या आधी बिनकामाचाच वाटला असता.

असो. माळ्यावरच्या त्या पितळी डब्याबद्दल आता मी काही बोलणार नाही. असू दे.